साहेबांची मर्जी

३ मार्च, संध्याकाळ

पोचलो. प्रवास उत्तम. बायकोच्या मते मी विमानात सबंध वेळ बडबडत होतो. बडबडत नव्हतो, तिला धीर देत होतो. तिला धीर नको होता, झोप हवी होती, असं ती म्हणाली. बरं.

भाड्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. उद्या मुलगी बघायची, परवा-तेरवा ती आमच्याकडे येणार. मग काही आठवडे इथेच तिघांनी राहायचं. दत्तक संस्थेच्या समुपदेशक बाई अधूनमधून येऊन बघणार, त्यांनी होकार दिला की कोर्टाची सही, आणि मग ती कायमची आमची. याला 'बाँडिंग पिरियड' म्हणतात. त्याला आठवडे कशाला लागतात ते कळत नाही. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. अर्धं आयुष्य घाबरलेल्या माणसांच्या शेजारच्या सीटवर काढलंय. स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं की रडू फुटणारा एक बँक मॅनेजर माझ्या हाताखाली घाट चढून गेला. इथे तर साडेचार वर्षांची पोर.

संकल्प: रविवारपर्यंत तिच्या तोंडून 'बाबा'.

४ मार्च

संस्थेत जाऊन मुलगी बघितली. तिने आम्हाला बघितलं असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

बारीक कापलेले केस, कुणाचा तरी मोठा स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. दारात उभी राहून तिने माझे बूट बघितले, मग पट्टा, मग मिशी. लायसन्सची टेस्ट घ्यायला येणारे साहेब शिकाऊ माणसाकडे असंच बघतात. मग कपाटामागे निघून गेली. मी तिला 'साहेब' म्हणायचं ठरवलं आहे. खरं नाव इथल्या भाषेतलं, उच्चारायला कठीण आहे. बायकोला पहिल्या फटक्यात जमलं, पण ती कित्येक महिने घोकत होती.

मी कामाला लागलो. हॉर्न वाजवला (तोंडाने), गिअर टाकले, रिव्हर्सचा आवाज काढला. कपाटामागून प्रतिसाद नाही. तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंनी उठून खिडकी लावून घेतली. त्यांना वाटलं, गल्लीत ट्रक शिरलाय.

बायको मात्र नुसती जमिनीवर बसली. कपाटाला पाठ लावून, बोटांना रबरबँड गुंडाळत आणि सोडत. ती लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर लोक तिच्यासमोर बाही वर करून घाबरून बसतात. मी म्हटलं, काहीतरी कर. ती म्हणाली, घाबरलेल्या माणसाकडे बघायचं नसतं. बऱ्याच वेळाने कपाटामागून एक हात आला आणि रबरबँड घेऊन गेला.

दोघांचं यश. हॉर्नने वातावरण तयार झालं होतं.

६ मार्च

साहेब घरी आल्या. आल्या आल्या तपासणी. प्रत्येक ड्रॉवर उघडला, प्रत्येक नळ सोडला, फ्लश इतक्यांदा ओढला की टाकीने हात टेकले. मग जेवण: अंडी, पाव, केळं, नंतर माझा पाव. मी जरा हातचं राखून ठेवायला गेलो तर बायकोने डोळे मोठे केले.

दुपारी दूध आणायला निघालो. बुटात पाय घातला तर आत काहीतरी मऊ. पावाचा तुकडा! गहिवरून आलं. पहिल्याच दिवशी भेट. बायकोला बोलावून दाखवलं. तिने साहेबांची उशी उचलली. खाली पाव, पाव, अर्धं केळं. म्हणाली, ही भेट नाहीये रे. उद्या खायला मिळेल की नाही याची तिला खात्री नाहीये.

समुपदेशक बाईंना फोन केला. त्या इंग्रजी आमच्याइतकंच बोलतात, म्हणजे जपून. म्हणाल्या, काढून घेऊ नका, तिला तिचा स्वतःचा डबा द्या आणि तो कधी रिकामा पडू देऊ नका. माझ्याही मनात हेच होतं, त्या आधी बोलल्या इतकंच. डबा दिला.

पण मुद्दा राहतोच. उशी समजू शकतो. सबंध घरात लपवायला माझा बूटच का? तिला सगळ्यात भरवशाची जागा तीच वाटली.

८ मार्च

आईचा व्हिडिओ कॉल. समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, एवढ्यात नवे चेहरे नकोत. पण आजी म्हणजे नवा चेहरा नव्हे, आजी ही आजी असते. मी फोन साहेबांसमोर धरला. आई तिकडून लाडाने काहीबाही बोलू लागली. साहेबांनी शांतपणे फोन माझ्या हातातून घेतला, स्वयंपाकघरात गेल्या, फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवला आणि दार लावलं.

पाण्यासाठी फ्रिज उघडेपर्यंत मला हे माहीत नव्हतं. फोन बाहेर काढला तेव्हा आई अजून बोलत होती. म्हणाली, तुमच्याकडे लाइट गेलेत का? आणि पोर किती शांत आहे रे, मधे एक शब्द बोलली नाही.

दोघींचं छान जमणार.

९ मार्च, रविवार

'बाबा' नाही. मुदतवाढ. तांत्रिक अडचण: साहेब अजून कुणालाच काही म्हणत नाहीत. बायकोला 'आई' म्हणाल्या, पण तो शब्द सोपा आहे. दोन स्वर, मध्ये अडथळाच नाही. 'बाबा'ला ओठ दोनदा मिटावे लागतात.

११ मार्च

जालीम उपाय. खाली कुणीतरी फेकलेलं वॉशिंग मशीनचं खोकं तीन मजले वर आणलं. कापून गाडी केली. ताटलीचं स्टिअरिंग, बाटलीच्या झाकणांचे दिवे. माझ्या बाजूला पेनाने ब्रेक काढला, कारण शिकवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक असलाच पाहिजे, ते आमचं ब्रीद आहे.

साहेब गाडीत बसल्या. मीही शेजारी बसलो. क्लच समजावून सांगत होतो. साहेबांनी माझ्या खांद्याला हात लावून मला बाहेरची दिशा दाखवली. उतरलो. त्यांनी माझ्या जागी बायकोला बसवलं. दोघी सबंध सकाळ गाडीतून फिरल्या. बायकोला गाडी चालवता येत नाही, मी तिला तीनदा शिकवली आहे.

मी पेट्रोल पंप झालो. पंपाशिवाय कुठलीच गाडी चालत नाही. हे लोक विसरतात.

१४ मार्च

विजय!

सविस्तर लिहितो. दुपारी मी सोफ्यावर बसलो होतो. काहीही करत नव्हतो (हे तंत्र लक्षात ठेवण्यासारखं). साहेब आल्या, मांडीवर चढल्या, माझ्या गळ्यात हात टाकले आणि गाल खांद्यावर टेकवला. तशाच राहिल्या. मी श्वास जपून घेत होतो. केसांना साबणाचा वास. हलका. कानामागे एक छोटा तीळ आहे, तो आधी कुणाला दिसला नसेल.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, छान. मग थोडं थांबून, जरा लवकर वाटत नाही का? मत्सर. साहजिक आहे. मी तिला समजावलं की आईचा क्रम पुढे लागेल.

स्कूलच्या ग्रुपवर कळवलं. अंगठे आले, फुलं आली. परत गेल्यावर या विषयावर एखादं व्याख्यान द्यायला हरकत नाही. नाव: 'हाफ क्लचवरची माया'.

१५ मार्च

सिंक तुंबलं. नळवाला आला. मोठा, लाल हातांचा माणूस, ओट्याखाली आडवा होऊन काम करत होता. काम संपवून स्टुलावर बसला, बायकोने पाणी दिलं. साहेब आल्या. त्याच्या मांडीवर चढल्या, गळ्यात हात टाकले आणि गाल त्याच्या खांद्यावर टेकवला.

अगदी तस्साच.

तो बिचारा लाजला, ओले हात लांब धरून बसला. जायला उठला तेव्हा साहेब आत गेल्या, आपले बूट घालून, डबा काखेत मारून आल्या आणि त्याचा हात धरला. त्याच्याबरोबर निघाल्या होत्या. मागे वळूनही न बघता.

बायकोने दार लावलं. साहेब रडल्या नाहीत. बूट काढून ठेवले आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

संध्याकाळी समुपदेशक बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, आत्तापर्यंत जो येईल तो जाणाराच होता. म्हणून जो येईल त्याच्याकडे जायचं, एवढंच तिला माहीत आहे. अमुक एक माणूस आपला असतो, हे तिला अजून कुणी शिकवलेलं नाही. मी विचारलं, शिकायला किती दिवस लागतात? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. कधीकधी मुदत वाढवावी लागते. कधीकधी, म्हणाल्या, आणि हातातली फाइल बंद केली.

१६ मार्च

आज काही लिहायचं नाही.

स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू होता. मी विचारलं, पुन्हा गळतोय का? बायको म्हणाली, नाही. आवाज बसला होता. सर्दी झाली आहे तिला. मी आल्याचा चहा करून दिला. तिने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही. ग्रुपवरचा मेसेज काढून टाकता येतो का बघितलं. येत नाही.

१८ मार्च

नवं धोरण. भरवायचं आम्हीच, उचलायचं आम्हीच, लागलं तर फुंकर आम्हीच घालायची. तिसऱ्या माणसाने नाही. आणि मागे लागायचं नाही. बाईंनी माझ्याकडे बघून हे वाक्य दोनदा म्हटलं.

संकल्प: काहीही न करणे. हे वाटतं तितकं सोपं नाही. सकाळी सकाळीच मी इतकं 'काहीही न करणं' केलं की दमलो. मग बायकोला विचारलं, मिशी काढून टाकू का, कदाचित मिशीची भीती असेल. ती म्हणाली, नको रे बाबा. गाडीला टप बसवू? नको रे बाबा. जादू दाखवू, कानातून नाणं काढायची? नको रे बाबा. वरच्या मजल्यावरच्या मुलांना खेळायला बोलावू? बायकोने कपाळाला हात लावला. साहेब टेबलाखाली बसून हे सगळं ऐकत होत्या.

मी जमिनीवर बसून राहिलो. साहेबांच्या बाजूला, पण त्यांच्याकडे न बघता. गुडघे दुखतात.

१९ मार्च

बसलो.

२० मार्च

बसलो. कमरेखाली उशी घेतली. दुपारी साहेबांनी ती काढून घेतली आणि स्वतः तिच्यावर बसल्या. अंतर: एक उशी.

२१ मार्च

म्हणाल्या!!!

स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मी हातात टॉवेल घेऊन तिकडे येत होतो (टॉवेलचा ससा करून दाखवायचा विचार होता, मागे लागणे यात ते मोडत नाही). साहेबांनी मला बघितलं आणि स्वच्छ शब्दांत '...बाबा'. आधी काहीतरी होतं, ते नीट ऐकू आलं नाही. त्यांच्या भाषेतलं असावं. 'माझे' किंवा 'प्रिय' असं काही.

बायकोने एकदम भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. भरून आलं होतं तिला. मी पाठीवर थोपटलं, तेव्हा जास्तच हलायला लागले.

२२ मार्च

आधीचं काय होतं ते कळलं.

सकाळी मी दुधाचा कप पुढे केला. साहेबांनी एक हात वर केला, मान थोडी तिरकी केली आणि बायकोच्या आवाजात, बायकोच्या सुरात, बायकोच्या उसाशासकट म्हणाल्या, 'नको रे बाबा.'

बायको हसत हसत खुर्चीवरून घसरली. साहेब तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्याही हसल्या. पहिल्यांदा. पुढच्या एका दाताचा कोपरा तुटला आहे, हे तेव्हा दिसलं.

मी दोघींना शांतपणे सांगितलं की वाक्याचा शेवट तरी बाबाच आहे. आणि साहेब दूध पूर्ण प्यायल्या. नको म्हणणारं माणूस दूध पितं का? यात काहीतरी गोम आहे.

२५ मार्च

बागेत गेलो. मी लांबच्या बाकावर, धोरणानुसार. बायको घसरगुंडीजवळ. साहेब पळत येत होत्या, पाय अडकला, पालथ्या पडल्या. गुडघा फुटला. मी अर्धा उठलो.

साहेबांनी मान वर केली, इकडेतिकडे बघितलं, मी दिसल्यावर ओरडल्या, 'नको रे बाबा!'

मी खाली बसलो. समोरचा नको म्हणतोय तर नको.

'नको रे बाबाऽ!' पुन्हा, आणखी मोठ्याने. मी दोन्ही हात वर करून दाखवले: येत नाहीये, काळजी नसावी. साहेब किंचाळल्या. तोंड लाल, नाक वाहतंय, दोन्ही हात माझ्या दिशेने ताणलेले. बायको चार पावलांवर होती, पण जागची हलली नाही. तिथूनच मला म्हणाली, अरे, जा की! तुला बोलावतेय ती.

मी म्हटलं, ती नको म्हणतेय.

ती म्हणाली, अरे शहाण्या, ते तुझं नाव आहे! दिवसभर मी तुला तेवढंच म्हणते. तिला वाटतं तुझं नावच ते आहे. जा!

पळालो. किती वर्षांनी पळालो. वाटेत एका बाबागाडीला धडकणार होतो. साहेबांना उचलून घेतलं. दिसतात त्यापेक्षा वजनदार आहेत. त्यांनी माझ्या शर्टाला नाक पुसलं, मग गुडघा माझ्या तोंडासमोर धरला. फुंकर घातली. त्यांनी गुडघा पुन्हा समोर धरला. पुन्हा घातली. असं बराच वेळ.

त्या बाकांवर कितीतरी माणसं बसली होती. कुणालाही बोलवता आलं असतं.

बायको म्हणते, घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मला तर वाटतं मी सबंध रस्ताभर बोलत होतो.

२६ मार्च

नवी परिस्थिती. कचरा टाकायला खाली निघालो तर दारात आकांत. बरोबर न्यावं लागलं, वर येताना उचलून. फोनवर बोलायला बाल्कनीत गेलो, काचेवर धपाधप हात. सोफ्यावरून उठायचीही चोरी. बायकोजवळ आनंदात बसतात, पण मी दिसत राहिलो पाहिजे.

खालच्या मजल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ आज जिन्यात भेटले. टोपी काढून, अतिशय अदबीने मला म्हणाले, 'नको रे बाबा.' आमचे आवाज त्यांच्यापर्यंत पोचत असावेत. मीही वाकून नमस्कार केला.

संकल्प: उद्यापासून साहेबांना माझ्याशिवाय पाच मिनिटं राहायला शिकवणे. थोडं थोडं वाढवत नेता येईल.

२७ मार्च

अर्धं मिनिट. मग खोलीतून मीच बाहेर आलो.

२८ मार्च, सकाळ, बाथरूममधून

आज समुपदेशक बाईंची शेवटची भेट. यावर सगळं अवलंबून. तयारी जोरात: आधी चेंडूचा खेळ, मग साहेब मराठीत नाक-कान-डोळे दाखवणार, मग माझं विश्वास या विषयावर छोटंसं इंग्रजी भाषण. इस्त्रीचा शर्ट. गुळगुळीत दाढी. दाढीसाठी आत आलो आणि कडी लावली, कारण काल साहेबांनी फेस खाल्ला.

कडी लावल्याबरोबर बाहेर भोंगा सुरू. माझ्या पूर्ण नावाने. मी आतून समजूत घातली, उपयोग नाही. मग दाराखालच्या फटीतून चार बोटं आत आली आणि फरशीवर चाचपडायला लागली. मी स्टूल सरकवलं आणि पायाचा अंगठा तिथे नेऊन ठेवला. बोटांनी तो पकडला. भोंगा थांबला.

दाढी अर्धी झाली होती. आरसा लांब. अंगठा सोडवून बघितला, भोंगा सुरू. परत ठेवला, बंद. म्हणून बसलो आहे आणि लिहितो आहे.

आणि बेल वाजली. बाई लवकर आल्या!

पावलं आली, दाराशी थांबली. बायको इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होती. मी आतून ओरडून सांगितलं की पाचच मिनिटं, प्रात्यक्षिकाची सुरुवात चेंडूने होईल. बाई म्हणाल्या, गरज नाही, आहात तिथेच राहा. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. दारासमोरच बसल्या बहुतेक. साहेब अंगठ्याशी बोलत होत्या, त्यांच्या भाषेत, मध्येमध्ये माझं नाव.

बाईंनी मला अंगठा काढायला सांगितला. काढला. आकांत. बाई म्हणाल्या, 'गुड, व्हेरी गुड.' पोर रडतेय आणि यांना गुड वाटतंय. मग म्हणाल्या, आता द्या. दिला.

बायकोला विचारलं, चाललंय काय तिकडे? ती म्हणाली, गप्प बस जरा. आवाज पुन्हा बसलेला. हवा मानवलेली नाही तिला इथली. थोड्या वेळाने दाराला अगदी तोंड लावून म्हणाली, झालं रे. हो म्हणाल्या त्या. निघाल्यासुद्धा.

मला न बघताच? भाषण? नाक-कान-डोळे? इतकी तयारी फुकट गेली. बापाला एकदाही समोर न बोलवता बापाबद्दल मत बनवलं. या पद्धतीबद्दल कुठेतरी लेखी कळवलं पाहिजे.

गालावरचा फेस वाळून कडक झाला आहे. पाय बधिर. बायको बाहेरून विचारतेय, अंगठा सोडवू का तुझा?

म्हटलं, नको, राहू दे.